मोहाखालची अर्धी जागा

आमच्या चंद्रपूरच्या कार्यालयात मजकूर जुळवणाऱ्या संगणकावर तीन फाईली होत्या. एकीचं नाव ‘दुःख’, दुसरीचं ‘संताप’, तिसरीचं ‘आनंद’. रोज संध्याकाळी तीच ती वाक्यं टाईप करून ऑपरेटरची बोटं कंटाळली होती, म्हणून त्याने ती एकदाच करून ठेवली होती. ‘दुःख’मध्ये गावावर शोककळा पसरायची आणि आई हंबरडा फोडायची. ‘संताप’मध्ये ग्रामस्थांच्या संयमाचा बांध फुटायचा. ‘आनंद’ला पारावार उरत नसे. बातमी हातात पडली की तो खुर्ची वळवून विचारायचा, “म्याडम, दुःख लावू का संताप?” पान छपाईला सोडायची घाई असली की मीही सांगायचे, “दोन्ही लाव.”

एकदा वरोऱ्याहून एक माणूस आला. हातात घडी घातलेला आमचाच अंक. आल्या आल्या त्याने विचारलं, “हे अपघाताची बातमी कोनं लिवली?”

“मी.”

“माह्या मोठ्या भावाची हाय. इथी लिवलं, आईनं हंबरडा फोडला.”

“हो.”

“बाई, माही माय जन्माची मुकी हाय. हंबरडा कुठून फोडन ते?”

तो भांडायला आला नव्हता. चूक दाखवायला पन्नासेक किलोमीटर बसने आला होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, की मग आईने केलं काय. तो म्हणाला, “भावाची चप्पल दारात होती. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायानं ते उलटी होये. माय उठे, सुलटी करे, बसे. दिवसभर तेच.”

तो गेल्यावर आमच्या मुख्य उपसंपादकांनी पलीकडच्या टेबलावरून मान वर केली. ते कमी बोलायचे. म्हणाले, “माणसाने काय केलं ते लिहायचं. त्याला काय वाटलं ते वाचणाऱ्याला कळतं. आपण दोन्ही कामं करायला गेलो की दुसरं चुकतं.” त्यांनी तिन्ही फाईली पुसायला लावल्या. ऑपरेटरने पुसल्या. पेनड्राइव्हमध्ये ठेवून मग पुसल्या, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

हा नियम मी पुढे नोकरीभर पाळला. एकदा मोडला. त्या एकदाचं सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत बातमीदारी करणाऱ्याला वाघाच्या हल्ल्याची बातमी चुकत नाही. ती कशी करतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. आधी घटनास्थळ. नाव, वय, सोबत कोण होतं, शेवटचं कोणी पाहिलं, पंचनामा कोणी केला, देह कुठे नेला. हे वनरक्षक आणि पोलीस सांगतात. मग घर. घरी फोटो लागतो. फोटो बहुतेक वेळा आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या अल्बममधला, मागच्या रांगेतला असतो. या कामाला मला पाठवत. “तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला आत घेतील,” असं कार्यालयात म्हणत, आणि ते खरं होतं.

घरात शिरताना चप्पल बाहेर काढायची. दिलेलं पाणी प्यायचं. ‘तुम्हाला कसं वाटतंय’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला उत्तर नसतं, आणि समोरचा माणूस तुमच्यासाठी ते तयार करत बसतो. त्यापेक्षा साधी गोष्ट विचारायची. सकाळी काय खाऊन गेली? कोणत्या वाटेने गेली? सोबत काय नेलं? बाकीचं आपोआप येतं.

अशा घरात लोक जे करतात ते त्या फाईलींमध्ये बसणारं नसतं. एकाने मला आग्रहाने चहा पाजला आणि साखर कमी पडली म्हणून बायकोवर ओरडला. मुलाचा देह अजून दवाखान्यातून यायचा होता. एक म्हातारा हसत होता. शेजारी ओशाळून सांगत होते, बाई, हे मनावर घेऊ नका. पोटातून काहीतरी उसळून येतं आणि जो दरवाजा उघडा सापडेल त्याने बाहेर पडतं, एवढंच मी वीसेक वर्षांत शिकले. कधी तो हसण्याचा असतो, कधी साखरेचा.

दर उन्हाळ्यात मोठ्या शहरातल्या आवृत्तीतून फोन यायचा: “वाघ आहे हे माहीत असून हे लोक जंगलात जातात कशाला?” मी सांगायचे, पोटासाठी. ते खोटं नव्हतं. पण माणूस एकाच कारणासाठी घराबाहेर पडतो असं मला तरी दिसलेलं नाही.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी आरमोरीच्या आत, जंगलाला लागून असलेल्या एका गावात वच्छला नावाची बाई वाघाच्या हल्ल्यात गेली. मोहाची फुलं पडायला अजून आठ-दहा दिवस होते. या दिवसांत बायका झाडाखालची जागा झाडून ठेवतात. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पाचोळा असेल तर ते हरवतं. काही लोक पाचोळा पेटवून देतात, त्याने वणवे लागतात. या गावात बायका खराट्याने झाडायच्या. आणि गावाचा एक रिवाज होता. जंगलातली ही झाडं कुणाच्या कागदावर नसतात, पण अमुक झाड अमक्या घरचं हे सगळ्यांना माहीत असतं. ज्या घराने झाडाखालची जागा झाडली त्या घराचा मोह. एका साली नाही झाडली, तर पुढच्या साली दुसऱ्याने झाडावी. कोणी हरकत घेत नाही.

वच्छलेला ते झाड सासूकडून आलं होतं. शेजारच्या पार्बताबाईचं झाड तिथून हाकेच्या अंतरावर. दोघी वाकून झाडत असताना मधून मधून एकमेकींना हाक मारायच्या. पलीकडून ‘ओ’ आली की पुन्हा काम.

“मी तीनदा आवाज देल्ला,” पार्बताबाईने मला त्या दिवशी सांगितलं. “दोनदा ओ आली.”

मी पोहोचले तेव्हा दुपार झाली होती आणि झाडापाशी पंचनामा चालू होता. वच्छलेचा नवरा श्रावण वनरक्षक उसेंडींच्या शेजारी उभा होता. पन्नाशीचा, किडकिडीत. तो रडत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. जमिनीकडे पाहत होता. मी वहीत जे दिसेल ते टिपलं, सवयीने. घरी गेले, फोटो घेतला, पाणी प्यायले, निघाले. बातमीत एकही तयार वाक्य नव्हतं. मला तिचं समाधान वाटलं होतं, हेही नोंदवते.

आठवडाभराने संध्याकाळी पाचच्या सुमारास मी नेहमीसारखा उसेंडींना फोन केला. ते म्हणाले, श्रावण तीन दिवस झाले सकाळी एकटाच जंगलाच्या वाटेला लागतो. ते त्याला परत आणतात, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघतो.

“हातात हत्यार होतं का?” मी विचारलं.

“हो म्याडम. कुऱ्हाड होती.”

“कशाला जातो म्हणतो?”

“काई बोलतच नाई. सरळ तिकडेच चालते.”

गावातल्या आणखी दोघांना फोन लावला. दोघेही म्हणाले, डोक्यात राग असन, बायको नेली ना त्याची. तिथे जाऊन त्याला विचारायचं तर दुसरा दिवस उजाडला असता. पान आठला सुटणार होतं. दुसऱ्या दैनिकाच्या माणसालाही उसेंडींचा नंबर माहीत होता. शिवाय, आज मागे वळून पाहताना हे कबूल करावं लागतं, की ते सगळं फार नीट जुळत होतं. गप्प माणूस, कुऱ्हाड, जंगल. तिघांची बेरीज मी केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, चौकटीत: ‘पत्नीला मारणाऱ्या वाघाचा सूड घेण्यासाठी पतीची कुऱ्हाडीसह जंगलाकडे धाव.’

जुने मुख्य उपसंपादक तोवर निवृत्त झाले होते. नव्या साहेबांनी फोनवर अंगठा पाठवला.

पाचव्या दिवशी उसेंडींच्या नंबरवरून फोन आला, पण आवाज बाईचा होता.

“तुमीच का त्या पेपरवाल्या बाई?”

“हो. कोण बोलतंय?”

“मी पार्बता. वच्छलेच्या शेजारची. आमच्या गावात वाघ एकच होता जी. दुसरा तुमी पाठवला.”

“काय झालं?”

“येऊन पाहा ना. मांगं आल्या तवा घडीभर थांबल्या, अन् लिवलं मात्र गाडाभर.”

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघाले.

झालं होतं ते असं. माझ्या बातमीचं कात्रण मोबाईलवरून, अंक आणणाऱ्या एस.टी.च्या आधी गावात पोहोचलं. माणूस वाघ मारायला निघाला आहे असं छापून आल्यावर वनखात्याला गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी श्रावणची कुऱ्हाड ठेवून घेतली, जंगलात जाणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि ती वाट बंद करून तिथे माणूस बसवला. आजूबाजूच्या गावांतली पोरं मोटारसायकलवरून येऊन त्याच्यासोबत फोटो काढत होती. आणि मोह पडायला लागला होता. पार्बताबाईला आणि इतरांना दुसऱ्या बाजूने, गटागटाने जाऊ देत. श्रावणला नाही. वच्छलेच्या झाडाखाली कोणी झाडलं नव्हतं. आणखी दहा-बारा दिवसांत मोह संपला असता आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या साली ते झाड मोकळं झालं असतं. गावात एकदोघांनी तसं बोलूनही दाखवलं होतं.

श्रावण अंगणात बसला होता. उसेंडी दाराशी उभे होते, पार्बताबाई ओट्यावर.

“श्रावणभाऊ, मी पेपरमधून आले.”

“वळखलो. बसा जी.” त्याने स्वतः उठून पाणी आणलं. मग म्हणाला, “तुमी लिवलं, मी वाघ मारायले गेलतो.”

“हो.”

“कुऱ्हाडीनं वाघ मरते का जी? माह्या गुडघ्यात वात हाय.”

“घरात पाल दिसली तरी वच्छलेले हाका मारे हा,” पार्बताबाई म्हणाली. “वाघ मारते म्हणे!”

उसेंडी हसले. श्रावणही किंचित हसला, आणि लगेच त्याने खाली पाहिलं.

मग मी ते केलं जे सहा दिवसांपूर्वी करायला हवं होतं. साधी गोष्ट विचारली. “जाताना हातात काय काय होतं?”

“कुऱ्हाड अन् खराटा.”

मी उसेंडींकडे पाहिलं.

“होता म्याडम,” ते म्हणाले. “खराटा तिन्ही दिवस होता. तुम्ही हत्याराचं विचारलं, मी कुऱ्हाड सांगितली.”

“कुऱ्हाड कशाला?”

“वाटंतले काटे तोडाले,” श्रावण म्हणाला. “अन् झाडावर ठोकला का आवाज होते. जनावर बाजूले होते.”

“आणि खराटा?”

पार्बताबाई बोलायला गेली. त्याने हात वर करून तिला थांबवलं. 

“अर्धा झाडून झाला होता तिचा,” तो म्हणाला. “अर्धा राह्यला.”

“तिले अर्धा काम ठेवलेला कधी पटला नाई जी,” पार्बताबाईने पुढे जोडलं. “चुलीवर भात करपून राह्यला तरी अंगण पुरा करूनच उठे.”

“मंग उसेंडी साहेबाले सांगितलं का नाई?” मी विचारलं. त्यांच्यात बसले की माझी भाषा तशी होते.

“का सांगू? माणूस मेला, अन् हा झाडू माराले चालला. लोक म्हणन, पागल झाला.”

सुडाला निघालेला माणूस लोकांना समजतो. त्याच्यासोबत फोटो काढायला पोरं येतात. खराटा घेऊन निघालेल्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

मी पिशवीतून वही काढली. का काढली ते मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं. काहीतरी टिपलं होतं एवढं आठवत होतं. त्या दिवसाचं पान सापडलं. माझ्याच अक्षरात होतं: ‘झाडाखालची अर्धी जागा स्वच्छ, अर्धी पाचोळ्याची. खराटा मधोमध पडलेला. पती जमिनीकडे पाहत उभा.’ या ओळी मी बातमीत घेतल्या नव्हत्या. त्यांत बातमी दिसली नव्हती.

वही मी त्याच्यापुढे धरली. त्याने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. मग मान वर केली.

“तुमाले तं दिसलं होतं जी,” तो म्हणाला.

एवढंच. आवाजात राग नव्हता. नोकरीत मला नोटिसा आल्या, धमक्या आल्या, एकदा कार्यालयावर मोर्चा आला. त्यातलं काही मी आज घरी बसून आठवत नाही.

वर्तमानपत्रात चूक पहिल्या पानावर छापतात आणि दुरुस्ती पाचव्या, छोट्या जाहिरातींच्या खाली. तीही सहसा ‘अनवधानाने’ या शब्दाने सुरू होते, म्हणजे कुणाच्या हातून झालं ते लिहावं लागत नाही. मी त्या संध्याकाळी चार ओळी दिल्या. श्रावण हे पत्नीने अर्धवट झाडलेली मोहाखालची जागा पूर्ण झाडण्यासाठी गेले होते. त्यांच्या हातात खराटा होता. सुडाबद्दल ते कोणाशीही बोललेले नाहीत. तो शब्द बातमीदाराचा होता.

नवे साहेब फोनवर म्हणाले, “इतकं कशाला? खराट्याची बातमी कोण वाचणार?”

मी म्हटलं, “एक जण वाचेल. त्याच्यासाठी छापायची.”

माझे निवृत्तीचे दिवस जवळ आले होते, म्हणून की काय, त्यांनी वाद घातला नाही. दोन दिवसांनी पाचव्या पानावर चार ओळी आल्या. उसेंडी ते कात्रण घेऊन आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं, असं मला नंतर कळलं. वाघ त्या भागातून पुढे सरकल्याचं त्यांच्या कॅमेऱ्यांत दिसत होतं. अधिकारी म्हणाले, उद्या ऊन वर आल्यावर, आपली माणसं सोबत घेऊन, अर्धा तास. कुऱ्हाड नको.

मी आरमोरीतच थांबले होते. सकाळी त्यांच्याबरोबर गेले. पुढे-मागे वनखात्याची चार माणसं हातात काठ्या घेऊन, मध्ये श्रावण, पार्बताबाई आणि मी. जंगलात मोहाचा वास दाटला होता, नाकाला चिकटणारा. श्रावणने नवा खराटा बांधून आणला होता.

झाडाखाली पोहोचलो तेव्हा मला दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या. मधल्या दिवसांत वरून पानं गळत राहिली होती. वच्छलेने झाडलेली जागाही पाचोळ्याने भरून गेली होती आणि त्यात पिवळसर फुलं पडून होती. मी वहीतल्या ओळींवरून ती रेषा शोधायचा प्रयत्न केला. श्रावणला शोधावी लागली नाही. तो एका जागी जाऊन उभा राहिला, जिथे खराटा पडलेला मी टिपला होता बहुधा तिथेच, आणि वाकून झाडायला लागला.

पार्बताबाई एका माणसाला घेऊन आपल्या झाडाकडे गेली. थोड्या वेळाने तिकडून हाक आली.

“श्रावऽऽण!”

तो थांबला. त्याला कोणी या कामात पूर्वी हाक मारली नव्हती; ते बायकांचं काम. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग झाडीकडे तोंड करून म्हणाला, “ओ.”

पुन्हा झाडू लागला. अशा चार-पाच हाका झाल्या. तो बुंध्यापासून बाहेर, गोलाकार, सावकाश झाडत आला आणि त्याला दिसत असलेल्या त्या रेषेवर येऊन थांबला. खराटा झटकला. बुंध्याला टेकवून ठेवला.

वीसेक मिनिटं होऊन गेली होती. उसेंडींनी खराटा उचलला आणि ते दुसऱ्या अर्ध्याकडे वळले. वेळ वाचावा एवढाच त्यांचा हेतू होता.

“ते राहू द्या जी,” श्रावण म्हणाला. “ते झाडलेला हाय.”

उसेंडींनी पाचोळ्याकडे पाहिलं, श्रावणकडे पाहिलं आणि खराटा होता तिथे ठेवला.

पार्बताबाई परत आली होती. टोपली घेऊन ती त्या अर्ध्यात जाऊन बसली आणि पाचोळ्यातून एकेक फूल बोटांनी वेचायला लागली. असं वेचायला फार वेळ लागतो. फूल पानाखाली जातं, पान उचलावं लागतं, पुन्हा ठेवावं लागतं. मी तिच्याजवळ बसले. मग श्रावण बसला. मग उसेंडी.

अर्ध्या तासाची परवानगी होती. उसेंडींनी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाही खाली ओढली आणि पुढचं पान उचललं.